खिशाला चाट न लावता वर्गासाठी बक्षिसं कशी जमवावीत

वर्गात बक्षीस द्यायचं म्हटलं की शिक्षकाचा हात आपसूक स्वतःच्या पाकिटाकडे जातो. सत्राच्या सुरुवातीला पेन्सिली, खोडरबर, स्टिकर, चकाकणारी छोटी खेळणी अशी पिशवीभर खरेदी होते आणि बघता बघता पिशवी रिकामी होते. मग एक तर पुन्हा पदरमोड, नाही तर बक्षिसं गुपचूप बंद. मुलं मात्र विसरत नाहीत. ‘बाई, तुम्ही म्हणाला होता ना?’ हे ऐकताना फार अवघडल्यासारखं होतं. म्हणून योजना आखतानाच पहिली अट ठेवावी, की ती वर्षभर झेपली पाहिजे. पैशांनी झेपत नसेल तर दुसऱ्या मार्गांनी झेपवता येते. माझं तर ठाम मत आहे, की त्या दुसऱ्या मार्गांची बक्षिसंच मुलांना जास्त लागू पडतात, कारण शिक्षकाने आपल्याकडे नीट पाहिलं हे त्यातून मुलाला कळतं.

पायऱ्या खालच्याच क्रमाने घ्या. खरेदी मुद्दाम मागे ठेवली आहे.

पायरी १ : आधी मुलांना विचारा

‘तुम्हाला काय बक्षीस हवं?’ असं मोकळं विचारलं तर उत्तरं सायकल आणि मोबाइलपर्यंत जातात. त्यापेक्षा अर्ध्या कागदावर पंधरा-वीस शक्य गोष्टींची यादी द्या, त्यातल्या पाचांपुढे खूण करायला सांगा आणि खाली दोन ओळी कोऱ्या सोडा. यादीत वस्तू थोड्या आणि मुभा जास्त असाव्यात: मैत्रिणीशेजारी बसणं, फळ्यावर लिहिणं, गोष्ट निवडणं, दहा मिनिटं जास्त खेळणं. कागदावर नाव लिहायला लावा, म्हणजे कोणाला काय आवडतं याची वही तयार होते.

लिहिता न येणाऱ्या लहान मुलांच्या बाबतीत निरीक्षण पुरतं. डेव्हिड प्रिमॅक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलेलं तत्त्व इथे फार उपयोगी आहे: एखादी व्यक्ती मोकळीक मिळाल्यावर जे आपणहून करते, तेच कमी आवडीच्या कामासाठी बक्षीस म्हणून चालतं. तास संपला की वहीच्या समासात चित्रं काढणारा मुलगा असतो; त्याला फळ्याचा एक कोपरा आणि रंगीत खडू द्या. सतत उठून खिडकीशी जाणारी मुलगी असते. तिला कार्यालयात हजेरीपट पोहोचवायचं काम द्या. इथे खर्चाचा प्रश्नच येत नाही.

मोठ्या मुलांचं थोडं वेगळं असतं. सगळ्यांदेखत कौतुक झालं की कित्येक जण लाजेने चूर होतात. अशांसाठी बक्षीस हळूच वहीत ठेवलेल्या चिठ्ठीतून गेलेलं बरं.

पायरी २ : फुकटच्या मुभांची कूपनं करा

योजनेचा खरा कणा हाच. नुसतं तोंडी ‘उद्या तू निवड’ म्हटलं तर ते हवेत विरतं. हातात कागद आला की त्याच मुभेला वजन येतं. ए-४ आकाराचा कागद तीनदा अर्ध्यात दुमडा, घड्यांवर कापा. ७४ बाय १०५ मिलिमीटरचे आठ तुकडे मिळतात. प्रत्येकावर चारच गोष्टी लिहा: मुलाचं नाव, मुभा काय, कधीपर्यंत वापरायची आणि तुमची सही. सही खरी, शाईची असू द्या. छापील सहीला मुलं भीक घालत नाहीत.

मुभांना तोटा नाही. शिक्षकांच्या खुर्चीवर एक तास बसणं, फळ्यावर दिवसभराचा सुविचार आणि तारीख लिहिणं, गाण्याची किंवा गोष्टीची निवड करणं, रांगेत पहिलं उभं राहणं, खालच्या वर्गात जाऊन धडा वाचून दाखवणं, शेवटच्या दहा मिनिटांचा खेळ ठरवणं, जमिनीवर सतरंजी टाकून वाचणं, एका दिवसासाठी जागा बदलणं, शिक्षकांना फळ्यावर एक अवघड कोडं घालणं. शेवटचं कूपन पाचवीच्या पुढच्या मुलांना द्या. ते वापरायच्या आदल्या दिवशी किती तयारी करून येतात ते बघाच.

गृहपाठमाफीचं कूपन मात्र मी टाळावं म्हणेन. मुलांना ते अतिशय आवडतं यात शंका नाही, पण त्यातून अभ्यास ही सुटका करून घ्यायची गोष्ट आहे असं आपणच शिकवतो. द्यायचंच असेल तर ‘पाचपैकी कोणतेही चार प्रश्न सोडव’ इतपत ठेवा. निवड मुलाची, अभ्यासही झाला.

घरी जाणारी चिठ्ठी हे बक्षीस सर्वांत कमी वापरलं जातं आणि सर्वांत जास्त काळ टिकतं. बहुतेक घरांना शाळेकडून निरोप येतो तो तक्रारीचाच. त्याऐवजी तीन ओळी लिहा, पण त्या नेमक्या असू देत. ‘तुमचा मुलगा हुशार आहे’ हे कोणालाही लिहिता येतं. ‘आज शेजारच्या मुलीला अपूर्णांक उमगत नव्हता. याने स्वतःची वही बंद केली, एक कागद चारदा दुमडला आणि तिला एक सोळांश मोजून दाखवला’ हे ज्याने पाहिलं तोच लिहू शकतो. आठवड्याला चार-पाच चिठ्ठ्या लिहिल्या तरी सत्र संपेपर्यंत अख्खा वर्ग होतो.

पायरी ३ : कागद, पुठ्ठा आणि मुलांचे हात

हातात धरता येईल अशी वस्तूही कधीतरी हवीच, विशेषतः लहानांना. ती आधी वर्गातच बनते का ते पाहा.

वाचनखुणा सगळ्यांत सोप्या. ए-४ आकाराचं जाड कार्डशीट घ्या. २९७ मिलिमीटरची लांब बाजू मधोमध कापा, मग २१० मिलिमीटरच्या बाजूचे चार सारखे भाग करा. साधारण ५२ बाय १४८ मिलिमीटरच्या आठ पट्ट्या मिळतात, पुस्तकात ठेवायला अगदी बेताच्या. वरच्या कडेपासून एक सेंटिमीटरवर पंचने भोक पाडा आणि लोकरीचा तुकडा दुहेरी करून ओवा. लॅमिनेशनचा खर्च नको. दोन्ही बाजूंनी रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावली तरी वर्षभर टिकते. चित्रं मुलांनाच काढू द्या, आणि प्रत्येक खुणेवर मालिकेचं नाव व क्रमांक घाला: ‘पक्षी १’, ‘पक्षी २’, ‘पक्षी ३’. क्रमांक आला की संग्रहाची ओढ लागते, आणि एका साध्या पट्टीची किंमत मुलांच्या लेखी कितीतरी वाढते.

चित्रं काढण्याचा कंटाळा असेल तर छापायची चित्रंही फुकट मिळतात. नासाच्या ग्रहताऱ्यांच्या बहुतेक छायाचित्रांवर कॉपीराइट नसतो. २००४ पासून चालू असलेल्या विकिमीडिया कॉमन्सवर प्राणी, वनस्पती, नकाशे, यंत्रं यांची मोफत वापरायची चित्रं आहेत. प्रत्येक चित्राखाली परवान्याच्या अटी दिलेल्या असतात, त्या वाचून घ्या आणि नाव द्यायला सांगितलं असेल तर कोपऱ्यात बारीक अक्षरात छापा.

दुसरी वस्तू म्हणजे खिशात मावणारी वही. वर्ष संपताना मुलांच्या वह्यांत मागची पानं कोरी राहतात. ती जमवा, अर्ध्यात कापा, दहा-बारा पानांची चळत मधोमध दुमडा. जुन्या कॅलेंडरच्या चित्राचं पान बाहेरून मुखपृष्ठ म्हणून लावा. घडीवर टोचणीने तीन भोकं पाडा. जाड दोरा मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, मधलं भोक ओलांडून खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत आणि दोन्ही टोकांची गाठ. दुकानातल्या वहीइतकी ती सफाईदार नसते, पण हाताने शिवलेली असते आणि मुलं तिच्यात सहसा अभ्यास लिहीत नाहीत. आवडीचं काहीतरी लिहितात.

कागदी उडता बेडूक, बोटांत घालायच्या बाहुल्या, पुठ्ठ्याचे बिल्ले, जुन्या पुठ्ठ्यावर चित्र चिकटवून कापलेलं कोडं, हे सगळं कार्यानुभवाच्या तासात होतं. वरच्या वर्गाने खालच्या वर्गासाठी बनवलं तर दोन्हीकडे आनंद.

पायरी ४ : मागा, पण नेमकं मागा

लोकांना शाळेसाठी द्यायला आवडतं. त्यांना कळत नाही ते इतकंच, की काय द्यावं. ‘वर्गासाठी काही मदत करा’ म्हटलं तर कोणी हलत नाही. ‘तुमच्याकडे कापून उरलेल्या रंगीत कागदाच्या पट्ट्या आम्हाला वाचनखुणांसाठी हव्या आहेत, शनिवारी येऊन आम्ही घेऊन जाऊ’ म्हटलं की काम होतं.

कोणाकडे काय असतं याचा विचार करून जा. छापखान्यात कागद आणि कार्डशीटचे तुकडे असतात. शिंप्याकडे कापडाच्या चिंध्या आणि सुटी बटणं. कार्यालयांत एका बाजूने कोरे कागद, वर्ष उलटलेल्या डायऱ्या, जाहिरातीची पेनं. वाचनालयं वापरातून काढलेली पुस्तकं कधीकधी देतात. मुलांची पुस्तकं निघतील तेव्हा कळवा, असं आधीच सांगून ठेवावं. स्टेशनरीच्या दुकानात खोकं दबलेलं किंवा मागच्या हंगामात न खपलेलं सामान असतं.

जाण्याआधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. आलेल्या वस्तूंची नोंद ठेवा, आणि वस्तूवरची जाहिरात मुलांच्या हाती देण्याजोगी आहे ना ते पाहा. आभाराचं पत्र मुलांकडून जाऊ द्या. मात्र देणगीच्या बदल्यात कोणी मुलांचे फोटो जाहिरातीसाठी मागितले, तर नम्रपणे नाही म्हणा.

पालकांकडे मागताना जास्त जपायला हवं. पैसे मागू नका. घरात पडून असलेल्या, चांगल्या स्थितीतल्या वस्तूंसाठी दाराशी एक बंद खोका ठेवा, ज्यात कोणी काय टाकलं हे दिसणार नाही. यादी, नावं, ‘अमक्याच्या आईने इतकं दिलं’ हे काही नको. ज्या घरातून काहीच येऊ शकत नाही, त्या घरातल्या मुलाला ते क्षणभरही जाणवता कामा नये.

पायरी ५ : उरलंसुरलं विकत घ्या

इथपर्यंत आल्यावर खरेदी थोडीच उरते. ती दोन-तीन शिक्षकांनी मिळून घाऊक करावी आणि पाकीट फोडून वाटून घ्यावी. बारा पेन्सिलींचा डबा म्हणजे बारा बक्षिसं. शाळा सुरू होण्याची गर्दी ओसरल्यावर स्टेशनरी स्वस्त मिळण्याची शक्यता जास्त. वापरून संपणाऱ्या वस्तू घ्या. दुसऱ्या दिवशी मोडणारी प्लॅस्टिकची खेळणी घेऊ नका. ती स्वस्त दिसतात, पण मोडली की मुलाचा हिरमोड होतो.

सुरक्षिततेत मात्र काटकसर नाही. लहान गोटीएवढे चुंबक आणि बटणाच्या आकाराच्या बॅटऱ्या असलेली खेळणी वर्गात आणूच नयेत. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात. बॅटरी घशात अडकली तर काही तासांत आतून भाजते. बालवाडीत फुगे आणि सुटे बारीक भागही नकोत. खाऊ मी बक्षिसांतून पूर्ण वगळते. कोणाला शेंगदाण्याची, कोणाला दुधाची अ‍ॅलर्जी असते, कोणाच्या घरी पथ्य असतं, आणि एकाला वगळून बाकीच्यांना देणं क्रूरपणाचं होतं.

पायरी ६ : द्यायचं कसं, हे ठरवा

बक्षीस चुकीच्या पद्धतीने दिलं तर नुकसानही होतं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असावा. चित्रं काढायला मुळातच आवडणारी बालवाडीतली मुलं त्यांनी घेतली. काहींना आधी सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत असलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच पत्र न सांगता, नंतर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिलं, तर बक्षिसाचं आमिष दाखवलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी कमी झाली नव्हती.

यातून व्यवहारात दोन गोष्टी निघतात. मूल जे आवडीने करतंय त्यावर बक्षीस लावू नका. आणि इतर वेळी शक्य तितकं न सांगता द्या, काम झाल्यावर, कशासाठी ते स्पष्ट सांगून.

सगळ्या वर्गाला धरून चालायचं असेल तर १९६९ साली प्रसिद्ध झालेला ‘चांगल्या वागणुकीचा खेळ’ आजही उपयोगी पडतो. वर्गाचे दोन गट करायचे, नियम फळ्यावर लिहायचे, नियम मोडला की त्या गटापुढे एक खूण. खुणा ठरलेल्या संख्येच्या आत राहिल्या तर तो गट जिंकला. दोन्ही गटही जिंकू शकतात, आणि मला यातलं तेच सर्वांत आवडतं. त्या मूळ प्रयोगातली बक्षिसं पाहा: नावापुढे तारा, रांगेत आधी उभं राहणं, दिवसाच्या शेवटी मोकळा वेळ. सगळी बिनपैशांची. एकच काळजी घ्या, की गट हरला म्हणून एखाद्या चुळबुळ्या मुलावर बाकीचे तुटून पडणार नाहीत. तसं दिसलं तर गट बदला किंवा त्या मुलाशी वेगळं उद्दिष्ट ठरवा.

एकदा मिळवलेलं बक्षीस शिक्षा म्हणून परत घेऊ नका. दुपारी दंगा केला म्हणून सकाळचं चांगलं काम पुसलं जात नाही.

आणि नोंदवही ठेवा. हजेरीच्या क्रमाने नावं, पुढे बक्षिसाची तारीख आणि कारण. महिनाअखेरीस तिच्यावरून नजर फिरवली की रिकाम्या ओळी दिसतात. बहुधा ती मुलं पहिली येणारी नसतात, दंगेखोरही नसतात. शांतपणे बसून कोणाच्याच लक्षात न येणारी असतात. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे मुद्दाम पाहा आणि खरं काहीतरी शोधा. ओढूनताणून दिलेलं कौतुक मुलं लगेच ओळखतात. त्याच वेळी बक्षिसांचा डबाही उपसा. ज्या वस्तूला महिनाभर कोणी हात लावला नाही ती काढून दुसऱ्या वर्गाला द्या. सत्राच्या मध्यावर पहिल्या पायरीतली यादी पुन्हा वाटा, कारण तोवर वर्गाच्या निम्म्या आवडी बदललेल्या असतात.