मुलांना जीवनकौशल्ये शिकवताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मुलांसाठी व्यक्तिमत्त्व विकास आणि जीवनकौशल्ये या नावांनी शिबिरे आणि वर्ग भरतात. वाचनालये, युवक मंडळे, शाळा आणि काही खासगी शिक्षक ते मनापासून चालवतात, पालकही पदरमोड करून मुलांना पाठवतात. आणि तरीही दोन महिन्यांनी ऐकू येणारी तक्रार तीच असते, की शिबिरात बोलणारे मूल घरी आणि बाहेर पूर्वीइतकेच गप्प आहे. या तक्रारीचे मूळ मुलाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा शिकवण्याच्या रीतीत शोधावे, असे माझे ठाम मत आहे. मूल जिथे राहते तिथलीच खरी कामे, खरे निर्णय आणि त्यांचे लहानमोठे परिणाम त्याच्या वाट्याला आल्याखेरीज यातले कोणतेही कौशल्य अंगी मुरत नाही. पुढे दिलेल्या चुका वरवर वेगळ्या दिसल्या तरी त्यांतल्या बहुतेक याच एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने घडतात.

कौशल्यांची यादी पाठ करून घेणे

जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये शाळांतील जीवनकौशल्य शिक्षणाची मांडणी करताना दहा कौशल्ये सांगितली: निर्णय घेणे, समस्या सोडवणे, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, प्रभावी संवाद, परस्परसंबंध जपणे, स्वतःची ओळख, समानुभूती, भावना हाताळणे आणि ताणाला सामोरे जाणे. ही यादी अभ्यासक्रम आखणाऱ्याच्या उपयोगाची आहे. ती फळ्यावर लिहून मुलांकडून वदवून घेतली, तर समानुभूतीची व्याख्या अचूक सांगणारा मुलगा मधल्या सुट्टीत खो-खोच्या संघातून सावकाश पळणाऱ्या सोबत्याला वगळतो आणि त्या दोन गोष्टींचा काही संबंध आहे, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

त्याऐवजी एक प्रसंग घ्यावा आणि तो मुलांकडून करवून घ्यावा. उदाहरणार्थ, शाळा सुटल्यावर दोन मोठी मुले एका आठवीतल्या मुलाला माव्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, पुडी पुढे करतात आणि ‘एकदा खाऊन तर बघ’ म्हणून आग्रह करतात. पहिल्या खेपेला नकार देणारा मुलगा बहुधा हसून विषय टाळतो, दुसऱ्या खेपेला चिडतो, आणि भूमिका बदलून तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्याच्या तोंडून शांत, स्पष्ट ‘मला नको’ बाहेर पडते. शिकवणाऱ्याचे बोलणे दहा मिनिटांवर जाऊ नये. उरलेला वेळ मुलांचा असावा.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. निपाणी परिसरात तंबाखूचा व्यापार जुना आहे, आणि विड्या वळून संसार चालवणाऱ्या आयांची मुले त्याच वर्गात बसलेली असतात. तंबाखूची निंदा करण्याच्या ओघात त्यांच्या घरच्या भाकरीची निंदा झाली, तर ते मूल मनाने त्या क्षणी वर्गाबाहेर जाते. व्यसनाविषयी अवश्य आणि निःसंदिग्धपणे बोलावे. आईच्या कष्टांविषयी मात्र आदरानेच बोलावे.

मुलाच्या वतीने मोठ्यांनी बोलणे

सर्व चुकांत ही सर्वांत प्रेमळ आणि म्हणूनच सर्वांत हट्टी चूक आहे. बसमध्ये तिकीट वडील मागतात, डॉक्टरांना दुखणे आई सांगते, शाळेत फीची चौकशी काका करतात, आणि मुलाने तोंड उघडलेच तर ‘तू गप बस, मी सांगतो’ असे म्हटले जाते. पुढे तोच मुलगा पदवीला गेल्यावर कचेरीच्या खिडकीपाशी उभा राहून बोलत नाही, याचे सगळ्यांना नवल वाटते.

सीमाभागात या चुकीला आणखी एक पदर आहे. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला सरकारी कचेरीतला कारभार कन्नडमध्ये भेटतो: फलक कन्नड, अर्ज कन्नड, बसच्या पाट्याही बहुतेक कन्नड. कन्नड नीट येत नसल्याची लाज आणि चुकीचे बोललो तर कोणी हसेल ही भीती, या दोन्हींमुळे मूल मागे सरते, आणि त्याला त्या अवघडलेपणातून वाचवण्यासाठी मोठी माणसे पुढे होतात. असे वर्षानुवर्षे चालले की भीती तशीच राहते आणि वय तेवढे वाढते.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे एक खरे काम निवडून त्याची पूर्वतयारी करून घेणे. शिष्यवृत्तीसाठी लागणारा उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला काढणे हे असेच काम आहे. त्यासाठी नाडकचेरीत, म्हणजे गावांच्या गटासाठी असलेल्या महसूल कचेरीत, जावे लागते. अर्ज पालकांच्या नावे असला, तरी बोलण्याचे काम नववी-दहावीतल्या मुलाने किंवा मुलीने करावे. आदल्या दिवशी घरी किंवा वर्गात चार वाक्यांचा सराव पुरतो: ‘सर, आदाय प्रमाणपत्र बेकागित्तु’, ‘अर्जी एल्लि कोडबेकु?’, ‘याव दाखले बेकु?’, ‘मत्ते यावाग बरबेकु?’ (उत्पन्नाचा दाखला हवा होता, अर्ज कुठे द्यायचा, कोणते कागद लागतील, पुन्हा कधी यायचे.) आधारकार्ड आणि रेशनकार्ड यांच्या प्रती मुलानेच पिशवीत घालाव्यात. पालकांनी चार पावले मागे उभे राहावे आणि मुलाने वळून पाहिले तरी लगेच पुढे सरसावू नये. एखादा कागद विसरला, तर परत जावे लागेल. ते परत जाणे हाच शिकण्याचा भाग असल्याने घरी त्यावरून बोलणी बसू नयेत. कर्मचाऱ्याने ‘उद्या या’ म्हटले, तर ‘किती वाजता आणि कोणाला भेटू?’ हे विचारण्याची सवय याच वयात लागते.

त्याआधीची सोपी पायरी म्हणून रविवारची भाजी, दळप, रेशन किंवा बसचा प्रवास द्यावा. पैशांच्या बाबतीतही तेच सूत्र लागू पडते. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार १० वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बँकेने ठरवलेल्या मर्यादेत बचत खाते स्वतः चालवता येते. त्यात जत्रेचे आणि वाढदिवसाचे पैसे मुलाने स्वतः भरावेत आणि काढावेत. ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवायचे असते, हेही त्याच वेळी शिकवावे. पैसे गेले म्हणून मार बसेल, अशी भीती असलेले मूल ही गोष्ट लपवते आणि हाताशी असलेला वेळ निघून जातो.

भाषेची निवड न करता शिकवणे

इंग्रजीतली तयार पुस्तिका आणून तीवरून वर्ग घेणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. तीत सांगितलेला मॉल, सोसायटीचा क्लब किंवा महानगरातील प्रसंग येळ्ळूर, कडोली किंवा जांबोटीच्या मुलाला परका असतो, आणि राग, मत्सर, अपमान यांविषयी इंग्रजीत बोलायला सांगितले की मूल पाठ केलेलीच वाक्ये बोलते. मनातले सांगायचे असेल तेव्हा घरच्या बोलीत सांगू द्यावे. बेळगावी वळणाची मराठी शिबिरात दुरुस्त करत बसू नये. व्याकरणाचा तास वेगळा असतो. व्यवहाराचा सराव कन्नडमध्ये, मुलाखतीचा सराव पुढे इंग्रजीत, आणि मनाची उकल मायबोलीत अशी सरळ वाटणी केली, तर तिन्ही भाषा मुलाच्या कामी येतात.

याच संदर्भात सीमाप्रश्नाचा उल्लेख टाळता येणार नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून चालत आलेला हा प्रश्न इथल्या मराठी घरांत जिव्हाळ्याचा आहे, आणि मुलांना तो इतिहास समजावा हे योग्यच आहे. पण त्यातला कडवटपणा मुलाच्या वर्गमैत्रीवर लादणे अन्यायाचे आहे. आपल्या भाषेचा अभिमान बाळगणारे आणि कन्नड शेजाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणारे मूल दोन्ही अंगांनी समर्थ होते. शिबिरात मराठी आणि कन्नड घरांतली मुले एकत्र असतील, तर वाद निघाल्यावर तो दडपून न टाकता, समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत पुन्हा सांगून दाखवण्याचा सराव घ्यावा. मत बदलण्याची अट घालू नये.

सगळ्या वयांना एकाच सतरंजीवर बसवणे

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे वय किशोरवय मानते, पण या दहा वर्षांत मुले अनेकदा बदलतात. पाचवीच्या मुलाला खेळातून शिकवावे लागते, तर पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलीला तोच खेळ बालिश वाटतो आणि ती पुन्हा येत नाही. किमान तीन गट करावेत, आणि शरीरातील बदलांविषयी बोलताना मुलामुलींसाठी एक स्वतंत्र बैठक तरी ठेवावी.

मुलींना स्वसंरक्षण, मुलांना नेतृत्व

अशी वाटणी अनेक वेळापत्रकांत दिसते आणि ती मनाला खटकते. मुलीला सावध राहायचे शिकवले जाते, मुलाला पुढे व्हायचे. नकार ऐकून घ्यायचा कसा, हे मुलाला कोणीच शिकवत नाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेमुळे मुली आणि स्त्रिया राज्यांतर्गत साध्या बसने विनामूल्य प्रवास करू शकतात. प्रवासाचा खर्च गेला. पण खानापूरच्या एखाद्या गावातून बेळगावच्या महाविद्यालयात किंवा ग्रंथालयात एकटीने जाण्याची परवानगी घरातून मिळणे मात्र अजून बाकी असते. अशा वेळी मुलीला धीट होण्याचा उपदेश करून भागत नाही. पालकांची स्वतंत्र बैठक घ्यावी, त्यांची काळजी खोटी ठरवू नये, आणि पहिल्या आठवड्यात मैत्रिणीसोबत, मग एकटीने पण पोहोचल्यावर फोन करून, अशी पायरीपायरीची योजना मुलीने स्वतः पालकांसमोर मांडावी. त्याच सुमारास मुलांना भात शिजवणे, कपडे धुणे आणि आजारी आजीला औषध वेळेवर देणे ही कामे द्यावीत, आणि त्यांचे अवाजवी कौतुक करू नये.

मनाचा त्रास भाषणाने घालवू पाहणे

दहावीची एसएसएलसी परीक्षा जवळ आली की प्रेरणादायी व्याख्याने ठेवली जातात. ६२५ पैकी किती, हा प्रश्न नातेवाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांच्या तोंडी असताना टाळ्या मिळवणारे भाषण मुलाचा ताण आणखी वाढवू शकते, कारण व्याख्यात्याच्या गोष्टीतला मुलगा नेहमी जिंकलेला असतो. त्यापेक्षा माहिती उपयोगी पडते. २०२३-२४ पासून कर्नाटकात एकाच वर्षात एसएसएलसीच्या एकाहून अधिक परीक्षा होतात, त्यामुळे एका पेपरात मागे पडलेल्या मुलाला त्याच वर्षी पुन्हा संधी मिळते. ही गोष्ट मूल आणि त्याचे आईवडील या दोघांनाही परीक्षेआधीच, शांत वेळी सांगितलेली असावी.

झोप उडणे, जेवण कमी होणे, सोबत्यांपासून तुटणे, आवडीच्या गोष्टींत मन न लागणे अशी चिन्हे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, किंवा मरणाचा विषय मुलाच्या बोलण्यात एकदा जरी आला, तर शिबीर चालवणाऱ्याने स्वतः समुपदेशक होऊ नये. मूल मरणाविषयी बोलले असेल, तर त्याच दिवशी पालकांना विश्वासात घ्यावे आणि तोपर्यंत त्याला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याविषयी फोनवर सल्ला देणारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते, आणि तिथे भाषा निवडण्याची सोय आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयात किशोरवयीनांसाठी सल्ला केंद्र असल्यास त्याची चौकशी आधीच करून ठेवावी.

‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन मुलाला कधीही देऊ नये. विश्वास मिळवण्याच्या भरात ते सहज दिले जाते. परंतु १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे, आणि तेव्हा वचन मोडावे लागले तर मुलाचा दुसऱ्यांदा विश्वासघात होतो. ‘तुझ्या सुरक्षिततेसाठी ज्यांना सांगणे गरजेचे आहे त्यांनाच सांगेन, आणि सांगण्याआधी तुला कळवेन’ हे वाक्य पहिल्याच दिवशी सर्वांसमोर म्हणावे. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवावा.

दहा दिवसांत सारे उरकणे

महाराष्ट्रातील वेळापत्रक पाहून मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीस शिबीर ठेवले, तर इथली मुले मिळत नाहीत. कर्नाटकात शाळांना साधारण १० एप्रिलच्या सुमारास सुट्टी लागते आणि मेअखेर शाळा पुन्हा उघडतात. तारखा नीट धरल्या, तरी दहा दिवसांच्या शिबिरात फक्त ओळख होते, म्हणून पुढचे वर्षभराचे बेत त्याच वेळी ठरवावेत.

त्यासाठी नवे काही उभारण्याची गरज नाही. दिवाळीत बेळगावात गल्लोगल्ली मुले किल्ले करतात. वर्गणी गोळा करणे, हिशेब ठेवणे, माती कोणी आणायची यावरून भांडणे आणि ते मिटवणे, हे सारे तिथे आपोआप घडते. स्पर्धेच्या नादात मोठ्यांनी किल्ला हातात घेतला, की किल्ला सुबक होतो आणि मुले नुसती बघत उभी राहतात. मोठ्यांनी माती आणि विळी-कोयत्याच्या सुरक्षिततेपुरते लक्ष घालावे.

खेड्यांतील मुलांसाठी याहून मोलाची जागा म्हणजे मक्कळ ग्रामसभा. कर्नाटकातील ग्रामपंचायती वर्षातून एकदा, सहसा नोव्हेंबरमध्ये किंवा त्यानंतर, मुलांची ही सभा भरवतात, आणि तिथे मुले शाळेचे स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी किंवा बसची वेळ यांविषयी थेट प्रश्न विचारू शकतात. सभेची तारीख पंचायतीत आधी विचारून घ्यावी. प्रश्न मोठ्यांनी लिहून देऊ नये. मुलांनी आठवडाभर पाहणी करावी, उदाहरणार्थ संध्याकाळची बस किती दिवस चुकली याची नोंद ठेवावी, आणि त्यावरून एकच प्रश्न नेमकेपणाने तयार करावा. सभेनंतर महिन्याभराने उत्तराचा पाठपुरावा करण्याचे कामही त्याच मुलांकडे राहू द्यावे.

प्रगती मोजायची असेल, तर प्रमाणपत्रांऐवजी प्रत्येक मुलाची एक साधी वही ठेवावी. या महिन्यात त्याने कोणते काम एकट्याने केले, कोणाला नकार दिला, कोणाची मदत मागितली आणि कोणत्या चुकीविषयी स्वतःहून घरी सांगितले, एवढ्याच नोंदी तीत असाव्यात. त्या मुलाने लिहाव्यात, पालकांनी वाचाव्यात आणि लाल शाईने काहीही दुरुस्त करू नये.