पावसाळी नवतीवरील लिंबू फुलपाखराची अळी: ओळख, जीवनक्रम आणि व्यवस्थापन

पावसाचा जोर स्थिरावला की लिंबू, संत्रा, मोसंबी आणि त्या वर्गातील इतर झाडांना नवती फुटू लागते आणि नेमक्या याच कोवळ्या पालवीवर लिंबू फुलपाखराची मादी अंडी घालते. उष्णकटिबंधीय आशियात सर्वदूर आढळणारे हे फुलपाखरू (पॅपिलिओ डेमोलियस) स्वतः मधावर जगते. पाने खाते ती त्याची अळी. रोपवाटिकेतील रोपे, नुकती बांधलेली कलमे आणि पहिल्या एक-दोन वर्षांची झाडे यांनाच तिच्यापासून खरा धोका असल्यामुळे पुढील सल्ला मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. भरदार, जुन्या झाडाने काही पाने गमावली तरी त्याच्या वाढीवर फारसा परिणाम होत नाही; तेथे केवळ अळी दिसली म्हणून फवारणी करणे हा खर्च वाया घालवणेच होय.

फुलपाखराच्या पंखांचा विस्तार सुमारे 8 ते 10 सेंटीमीटर असतो. काळ्या पंखांवर फिकट पिवळे, वेडेवाकडे ठिपके विखुरलेले असतात आणि मागील पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी लाल डाग असतो. हे फुलपाखरू ज्या कुळातले आहे त्यातील अनेक जातींच्या मागील पंखांना शेपटीसारखे टोक असते, मात्र याला ते नसते. ओल्या मातीवर घोळक्याने बसलेली फुलपाखरे बहुधा नर असतात, म्हणून त्यांना हाकलून किंवा मारून काही साधत नाही आणि त्यांच्या संख्येवरून प्रादुर्भावाचा अंदाजही बांधू नये.

अंदाज बांधावा तो पाने पाहून. मादी कोवळ्या पानांवर व शेंड्यांवर एकेक सुटे अंडे घालते. ते गोल, फिकट पिवळे आणि जेमतेम मोहरीएवढे असते. उबदार हवेत तीन-चार दिवसांत त्यातून अळी बाहेर पडते आणि पुढील दोन-तीन आठवड्यांत चार वेळा कात टाकून वाढते. लहान अवस्थेत ती काळपट तपकिरी असून तिच्या अंगावर पांढरे पट्टे असतात. ती पानाच्या वरच्या बाजूस उघड्यावर बसते, पण पक्ष्याची विष्ठा पडली असावी असे वाटून नजर तिच्यावरून सहज पुढे सरकते. पाहणीत चूक होते ती बहुधा येथेच. शेवटच्या अवस्थेत मात्र तिचा रंग हिरवा होतो, लांबी सुमारे 4 सेंटीमीटरपर्यंत पोहोचते आणि पालवीत ती चटकन दिसेनाशी होते. अळीच्या एकूण खाण्यापैकी सर्वाधिक खाणे याच अवस्थेत होते: पान कडेकडून खात ती मधल्या शिरेपर्यंत येते आणि लहान रोप काही दिवसांतच निष्पर्ण होऊ शकते. म्हणूनच नवतीच्या काळात रोपवाटिकेची पाहणी दर दोन-तीन दिवसांनी करावी आणि पानावरील प्रत्येक ‘विष्ठा’ काडीने हलवून पाहावी. ती अळी असेल तर डोक्यामागून नारिंगी-तांबडा, दुभंगलेला अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सुटतो. हा वास शत्रूंना दूर ठेवण्यासाठी असतो. माणसाला त्यापासून अपाय नाही, त्यामुळे अळ्या हाताने वेचण्यास हरकत नाही.

पूर्ण वाढलेली अळी फांदीवर किंवा जवळच्या आधारावर रेशमी धाग्याचा पट्टा कमरेभोवती घेऊन कोषात जाते. कोष हिरव्या पाल्यात हिरवा, तर वाळल्या काडीवर तपकिरी असतो. साधारण आठवडा-दीड आठवड्यात फुलपाखरू बाहेर येते. थंडीत हा काळ लांबतो. अनुकूल हवामानात महिन्याभराच्या आतच एक पिढी पूर्ण होत असल्याने लागोपाठ येणाऱ्या प्रत्येक नवतीवर नवी पिढी पोसली जाते.

रोपवाटिकेत व लहान बागेत अंडी, अळ्या आणि कोष वेचणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे. वेचलेली अंडी व कोष लगेच चिरडू नयेत, कारण ट्रायकोग्रामासारखे परोपजीवी कीटक अंड्यांत, तर काही लहान गांधीलमाश्या कोषांत वाढत असतात. ती सामग्री बारीक जाळी लावलेल्या भांड्यात सावलीत ठेवल्यास मित्रकीटक जाळीतून बाहेर पडतात आणि फुलपाखरे व नवजात अळ्या आतच अडकतात; जाळी मात्र तेवढी बारीक असावी. पूर्ण काळी पडलेली अंडी बहुधा परोपजीवीग्रस्त असतात, ती झाडावरच राहू द्यावीत.

वेचणी आवाक्याबाहेर गेल्यास अळ्या लहान असतानाच बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूवर आधारित कीटकनाशकाची लेबलवरील प्रमाणात फवारणी करावी. हा जिवाणू अळीच्या पोटात गेल्यावरच काम करतो आणि उन्हाने निकामी होतो, त्यामुळे फवारणी संध्याकाळी व पाने नीट भिजतील अशी घ्यावी. मोठ्या हिरव्या अळ्यांवर त्याचा परिणाम कमी होतो. 5 टक्के निंबोळी अर्कही वापरता येतो. त्यासाठी 5 किलो निंबोळ्यांची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्यातून गाळावी आणि द्रावण 100 लिटर करावे. रासायनिक कीटकनाशकांचा वापर अगदी शेवटी करावा, कारण त्यांनी परोपजीवी कीटक आधी मरतात.

कढीपत्ता, बेल, कवठ आणि बावची यांवरही ही अळी वाढते, म्हणून बागेच्या आसपासची ही झाडेही पाहणीत घ्यावीत. कढीपत्त्याची पाने थेट खाण्यात येत असल्याने त्यावर रासायनिक फवारणी टाळून अळ्या वेचण्यावरच भर द्यावा.