हाय प्रेशर रिॲक्टरवर मेटल कॅटॅलिस्ट लावताय? आधी पेरॉक्साइडची सवय सोडा

पॉलिथिन म्हटलं की सगळे प्रेशरला घाबरतात, पण ऑटोक्लेव्हवर, म्हणजे स्टरर असलेल्या हाय प्रेशर रिॲक्टरवर, पेरॉक्साइड (रिॲक्शन सुरू करणारं नेहमीचं केमिकल) काढून मेटल कॅटॅलिस्ट लावला की छळतं ते पाणी आणि हवा. गंमत बघा, १९३३ला आयसीआय या ब्रिटिश केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये हे पॉलिमर पहिल्यांदा मिळालं ते गॅसमध्ये चुकून आलेल्या किंचित ऑक्सिजनमुळे, आणि इथे तोच ऑक्सिजन कॅटॅलिस्ट मारतो.

म्हणून आधी इथिलीन, म्हणजे ज्या गॅसपासून पॉलिथिन बनतं तो, कोरडं करा, मॉलिक्युलर सीव्हमधून (पाणी शोषणारे दाणे), आणि फक्त ताजं नाही तर रिसायकलचंपण, म्हणजे न वापरलं जाता परत फिरणारं. कोणी म्हणेल कॅटॅलिस्टला जागं करणारं ॲल्युमिनियम अल्किल थोडं जास्त टाक, भागतं. भागतं हो, पण मग तुम्ही महागडं केमिकल पाणी पुसायला वापरताय.

कॅटॅलिस्ट टायटॅनियम क्लोराइड असेल तर त्याला जागं करायला जोडीला टील म्हणजे ट्रायइथाइल ॲल्युमिनियम, मेटॅलोसीन (दुसऱ्या जातीचा मेटल कॅटॅलिस्ट) असेल तर एमएओ म्हणजे मिथाइल ॲल्युमिनॉक्सेन किंवा बोरेट. सगळं कोरड्या सॉल्व्हंटमध्ये, नायट्रोजनखाली. फिटिंगपाशी पांढऱ्या धुराची बारीक रेघ दिसली की लाइन आयसोलेट करायची, पाना घेऊन आवळत बसायचं नाही, टील हवेत पेटतं आणि पाण्यानं तर भडकतंच.

मग इथिलीन आणि साखळीत सोबत जोडायचं ब्युटीन किंवा हेक्झीन १००० ते १५०० बारच्या आसपास नेऊन कॅटॅलिस्ट पंप अगदी हळू सुरू करा. प्रेशर फार उतरवू नका, सरळ साखळ्यांचं पॉलिमर गॅसमधून वेगळं पडतं आणि स्टररवर थर बसतो. साधारण १ टक्का कन्व्हर्जनला १२-१३ डिग्री टेम्परेचर चढतं, त्यामुळे थंड फीड आणि पंपाचा स्पीड हाच तुमचा ब्रेक. ३०० डिग्रीच्या वर इथिलीनचं कार्बन, मिथेन, हायड्रोजन व्हायचा धोका असतो, तिकडे फिरकू नका.

आता जे लोक विसरतात ते. पेरॉक्साइड काही सेकंदात आपोआप संपतो, मेटल संपत नाही, तो मेल्टबरोबर, म्हणजे वितळलेल्या पॉलिमरबरोबर, सेपरेटरमध्ये (पॉलिमर आणि उरलेला गॅस वेगळे करायचं भांडं) जातो आणि तिथेही साखळ्या बनवत बसतो, तिथे ना स्टरर ना थंड फीड. म्हणून रिॲक्टरच्या आउटलेटलाच डीॲक्टिव्हेटर, म्हणजे कॅटॅलिस्ट मारणारं केमिकल, सोडायचा. पाणी, अल्कोहोल चालतं, पण ते हलकं, गॅसबरोबर फिरून परत रिॲक्टरच्या तोंडाशी येतं. कॅल्शियम स्टिअरेटसारखं जड काहीतरी बरं, मेल्टमध्येच राहतं आणि क्लोराइडचं ॲसिडही गिळतं.

सेपरेटरचं टेम्परेचर कारण नसताना चढायला लागलं तर डीॲक्टिव्हेटर कमी पडतोय, आणि चार-सहा तासांनी कॅटॅलिस्टचा खप वाढत चालला तर तो पाणी-अल्कोहोलसारखा हलका डीॲक्टिव्हेटर रिसायकलमध्ये शिरलाय.