लग्नाची वेबसाइट करताय? आधी पाहुण्यांचे प्रश्न लिहून काढा

नागपुरात लग्न असलं की त्या दिवशी सकाळी वधूपित्याला येणारे फोन बहुतेक चारच प्रकारचे असतात: लॉन नेमकं कुठे, मुहूर्त किती वाजता, उतरायची सोय कुठे आणि स्टेशनवर घ्यायला कोण येणार. वेबसाइट या चार प्रश्नांसाठी करायची. दोघांची पहिली भेट, प्री-वेडिंगचा व्हिडिओ ठेवायचाच असेल तर अगदी तळाशी. वर्ध्याहून गाडी काढून निघालेल्या मामांना त्या वेळी तो बघायचा नसतो.

पत्रिका तीन आठवडे आधी वाटली तरी चालतं, वेबसाइट मात्र त्याच्या बरीच आधी हवी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, आणि लग्नसराईत मुंबई-पुण्याकडच्या गाड्या लगेच भरतात. म्हणून ७५ दिवस आधी एक साधं पान पाठवून द्या: तारीख, जागा, कोणत्या दिवशी पोचावं आणि परतीचं तिकीट कधीचं काढावं. बाकीचं सावकाश भरता येतं.

पैसे खर्च करायची गरज नाही. गूगल साइट्सवर फुकटात होते. कॉम्प्युटरवर बसलात तर दोन-तीन तासांचं काम. प्रकाशित करताना दोन गोष्टी तपासा. एक, साइट सगळ्यांना उघडते ना. नाहीतर पाहुण्याला परवानगी मागणारं पान दिसतं आणि तो पुन्हा तुम्हालाच फोन करतो. दोन, सर्च इंजिनमध्ये दाखवू नये हा पर्याय निवडा. लिंक मिळाली की कुणीही पान बघू शकतं, त्यामुळे घरचा पत्ता टाकू नका. अख्खं घर कोणत्या दिवशी कार्यालयात असणार, हे पत्त्यासकट जाहीर करण्यात शहाणपण नाही.

मजकुराची एक गंमत असते. प्रेसवाल्याने पाठवलेली पत्रिकेची फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असली, तर तिथून उचलून चिकटवलेल्या मजकुराचा भलताच काला होतो. सरळ मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर पुन्हा टाइप करा. पत्रिकेचा फोटो लावून मोकळं होणंही बरोबर नाही. फोटोतला नंबर दाबला तर फोन लागत नाही, आणि आजींना तो झूम करून वाचावा लागतो. नागपुरात हिंदी बोलणारे शेजारी आणि ऑफिसचे लोक असणारच. त्यांच्यासाठी तोच मजकूर हिंदीत दुसऱ्या पानावर द्या.

आता पत्ता. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एकाच नावाची दोन लॉन असतात, आणि मॅपवरची खूण पुष्कळदा मागच्या भिंतीवर पडलेली असते. नाव शोधून आलेली लिंक तशीच टाकू नका. मॅपमध्ये सॅटेलाइट दृश्य लावा, लॉनच्या गेटवर बोट दाबून धरा, पिन पडली की तिची लिंक घ्या. पार्किंगचं गेट वेगळं असेल तर त्याची दुसरी लिंक. शिवाय खाली चार ओळी साध्या भाषेत हव्यातच, कारण ड्रायव्हरला त्या वाचून दाखवता येतात. नमुना असा:

«अजनीकडून वर्धा रोडने येताना डबलडेकर उड्डाणपुलावर चढू नका, खालच्या रस्त्याने या. लॉन डाव्या हाताला आहे. गेटवर पिवळी कमान आहे. पुढे गेलात तर यू-टर्नसाठी लांब जावं लागतं.»

वर्धा रोडवर पुलावरून की खालून, एवढा एक शब्द राहिला तरी वऱ्हाडाची बस पुढे निघून जाते.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी स्टेशनचं नाव नीट लिहा: नागपूर, अजनी की इतवारी. पुण्याच्या काही गाड्या अजनीपर्यंतच येतात, आणि लग्न वर्धा रोडला असेल तर तेच सोयीचं. नागपूर स्टेशनवर उतरणाऱ्याला संत्रा मार्केटच्या बाजूने बाहेर पडायचं की मुख्य दरवाजाने, हेही सांगा. घ्यायला आलेला भाचा दुसऱ्या बाजूला उभा राहिला की दोघंही चिडतात. मेट्रोच्या ऑरेंज आणि ॲक्वा लाइन सीताबर्डीला बदलता येतात हे लिहा, पण रात्रीच्या स्वागत समारंभानंतर मेट्रोच्या भरवशावर राहू नका असंही लिहा.

वेळापत्रकात मुहूर्त आणि यायची वेळ वेगळी द्या. «मुहूर्त दुपारी १२:१७, आसनस्थ ११:४५ पर्यंत, जेवण १२:४५ पासून.» हळद, सीमांतपूजन, लग्न, स्वागत समारंभ यातलं काय घरच्यांसाठी आणि काय सगळ्यांसाठी, तेही स्पष्ट असू द्या. हवामानाची एक ओळ मुंबईकरांसाठी: मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, टोपी-दुपट्टा आणा, डिसेंबरच्या रात्री उघड्या लॉनवर स्वेटर लागतोच.

येणार का, हे विचारणारा फॉर्म सगळ्यांना पाठवू नका. आपल्याकडे «येऊ ना, येऊ» हेच उत्तर असतं. मुक्कामी येणाऱ्यांनाच पाठवा आणि पाचच गोष्टी विचारा: नाव, मोठे किती, मुलं किती, कधी पोचणार, गाडीचा नंबर. उपास किंवा जैन जेवण असेल तर लिहायला एक रिकामी ओळ. गूगल फॉर्ममध्ये «एका व्यक्तीचं एकच उत्तर» ही मर्यादा लावली की आधी लॉगिन मागतं, आणि अर्धे लोक तिथेच सोडून देतात. ती बंद ठेवा. शेवटची तारीख लग्नाच्या १५ दिवस आधीची, म्हणजे खोल्या आणि ताटं दोन्ही सांगायला वेळ मिळतो.

संपर्कासाठी नवरदेवाचा किंवा वडिलांचा नंबर नको. गाड्यांसाठी एक, खोल्यांसाठी एक, असे दोन चुलतभाऊ ठरवा. परदेशातल्यांसाठी नंबराआधी +९१ हवं.

पत्रिकेवर क्यूआर छापणार असाल तर निदान २ सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळा. लाल कागदावरचा सोनेरी क्यूआर दिसतो झकास, पण कॅमेऱ्याला वाचता येत नाही. क्यूआर थेट तुमच्या साइटच्या पत्त्याचाच बनवा. काही फुकट सेवांचा क्यूआर मुदत संपली की बंद पडतो, तोवर पत्रिका वाटून झालेल्या असतात.

लिंक व्हॉट्सॲपवर घरच्या ओळखीच्या नंबरावरून, दोन ओळी लिहून पाठवा. लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल (फोनवर ॲप बसवणारी फाइल) पाठवून लुबाडण्याचे प्रकार झाल्यामुळे लोक आता सावध झालेत. कोणतीही फाइल डाउनलोड करायची नाही, हे त्यातच सांगा.

पाठवण्याआधी एखाद्या आत्याच्या जुन्या फोनवर, वायफाय बंद करून उघडून बघा. फोटो ३०० केबीच्या आत असले तर पान पटकन उघडतं. मग तिलाच विचारा, «जेवण किती वाजता?» तिला अर्ध्या मिनिटात सापडलं नाही, तर ती ओळ वर घ्या.