आशियाई भाषा आणि संस्कृती या विषयात पदवी घ्यायची असेल तर

बारावीनंतर जपानी, चिनी, कोरियन, फारसी किंवा पाली यांपैकी एखादी भाषा मुख्य विषय म्हणून घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने आधी आपला हेतू तपासावा. भाषा केवळ कामापुरती बोलता-वाचता यायला हवी असेल, तर प्रमाणपत्र वर्ग पुरतात आणि ते वाणिज्य किंवा अभियांत्रिकीच्या अभ्यासाबरोबर सहज करता येतात. पदवीची तीन-चार वर्षे मात्र त्या भाषेतून एका समाजाचा इतिहास, साहित्य आणि विचार समजून घेण्यासाठी द्यावीत.

भाषा निवडताना नोकरीच्या बातम्यांपेक्षा आपल्याला काय वाचायचे आहे, हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. मराठ्यांच्या इतिहासात रस असलेल्याने फारसीचा गांभीर्याने विचार करावा, कारण मोगल आणि दख्खनच्या दरबारांतील तवारिखा व पत्रव्यवहार मोठ्या प्रमाणावर त्याच भाषेत आहेत. सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने मराठीत आणून केवढे काम करून ठेवले, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहेच. बौद्ध परंपरेकडे ओढा असेल तर पाली घ्यावी. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी पालीसाठी श्रीलंकेपर्यंत गेले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी ती शिकवली. आज मात्र पुण्यातच विद्यापीठ पातळीवर पाली शिकण्याची सोय आहे. पालीनंतर चिनी किंवा तिबेटी शिकणाऱ्यापुढे आणखी मोठे दालन उघडते, कारण अनेक बौद्ध ग्रंथांचे संस्कृत मूळ हरवले असून ते या भाषांतील अनुवादांतच उरले आहेत.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जपानी, चिनी, कोरियन, फारसी, अरबी अशा भाषांत बी.ए. ऑनर्स करता येते आणि तेथील प्रवेश सीयूईटी या सामाईक परीक्षेतून होतो. शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत चिनी भाषा व संस्कृतीच्या अभ्यासासाठी 1937 साली स्थापन झालेले चीना भवन आहे. विद्यापीठ कोणतेही असो, अर्ज भरण्यापूर्वी पूर्ण अभ्यासक्रम मिळवून वाचावा. पहिल्या वर्षी भाषेचे तास आठवड्याला किती आहेत, इतिहास आणि समाज यांच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहेत का, आणि शेवटच्या वर्षी साहित्य मूळ भाषेतून वाचवून घेतात की इंग्रजी अनुवादावर भागवतात, हे पाहावे. अनुवादावरच भागवणार असतील, तर माझ्या मते तो अभ्यासक्रम घेऊ नये.

प्रत्यक्ष अभ्यास कसा असतो, हे जपानीच्या उदाहरणाने सांगतो. मराठी विद्यार्थ्याला जपानी वाक्यरचनेची धास्ती वाटण्याचे कारण नाही, कारण दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते आणि नात्याचा प्रत्यय नामाच्या मागून लागतो. ‘तोमोदाची-तो एकि-दे आइमाशिता’ हे वाक्य ‘मित्राशी स्टेशनवर भेट झाली’ असे त्याच क्रमाने मराठीत उतरते. खरे कष्ट लिपीचे आहेत. हिरागाना आणि काताकाना या लिप्यांची प्रत्येकी 46 मूळ अक्षरे काही आठवड्यांत येतात. परंतु नित्य वापरासाठी शासनाने ठरवलेल्या यादीत 2,136 कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चिन्हे आहेत आणि एकेका चिन्हाचे उच्चार अनेक असतात. माणसाचे चिन्ह एकटे आले की ‘हितो’, देशाच्या नावाला जोडले की ‘जिन’ आणि माणसे मोजताना बहुधा ‘निन’ असे वाचले जाते. म्हणून सुटी चिन्हे घोकत बसू नये; पूर्ण शब्द वाक्यासह वहीत उतरवावा आणि चिन्ह ठरलेल्या क्रमाने रेघा ओढत हाताने लिहावे.

जपानी किती येते हे तपासणारी, सोप्या एन-5 पासून अवघड एन-1 पर्यंतच्या पातळ्यांची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते व पुण्यात तिचे केंद्र आहे. ती जरूर द्यावी, मात्र तीत बोलणे आणि लिहिणे तपासले जात नाही, हे लक्षात ठेवावे. ती उणीव भरून काढण्यासाठी दर आठवड्याला अर्धे पान जपानीत लिहून शिक्षकांकडून तपासून घ्यावे. संस्कृतीचा अभ्यासही असाच भाषेला जोडून करावा: जपानच्या मेजी काळाचा (1868 ते 1912) इतिहास शिकत असाल, तर त्या काळातील एखादा छोटा उतारा शिक्षकांच्या मदतीने मुळातून वाचावा, भले एका परिच्छेदाला आख्खी दुपार लागो.

परदेशी विद्यापीठांत जपानी भाषा व संस्कृती शिकणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांना जपान सरकार सुमारे वर्षभराची शिष्यवृत्ती देते, आणि तिच्यासाठी दूतावासामार्फतही अर्ज करता येतो. त्या वर्षाअखेर जपानी विद्यापीठाची पदवी मिळत नाही. त्यामुळे तेथील अभ्यासाचे श्रेयांक येथे धरले जातील की एक वर्ष वाढेल, हे आपल्या विभागाकडून अर्ज करण्याआधीच लेखी घ्यावे.