आधी गावाचं दुखणं ओळखा, मग आराखडा लिहा

वातावरण कृती आराखड्याची, म्हणजे बदलत्या हवामानाला गाव कसं तोंड देणार त्या योजनेची, बैठक बसली की पहिल्या दोन सूचना ठरलेल्या: झाडं लावा, सोलर बसवा. लावा की! पण सांगलीला आणि लातूरला एकच यादी कशी चालेल? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. ऑगस्ट २०१९ मध्ये मिरजेला खेटून असलेल्या सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५.

मी पालिकेच्या पाणीपुरवठ्यात नोकरी काढली. वॉर्डातल्या पोरांना एवढंच सांगतो: गेल्या दहा वर्षांत आपलं गाव कशानं अडलं, ते आधी लिहून काढा. शाळा कधी बंद ठेवल्या, दवाखान्यात गर्दी कशाची, टँकर कुठल्या महिन्यात लागले. टँकरच्या फेऱ्यांची नोंद असते, ती मागा. टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

मग बघा, किल्ली कुणाकडे आहे. कोयना-वारणेच्या धरणांतून किती पाणी सोडायचं हे सांगलीची पालिका ठरवत नाही. पूररेषेतलं बांधकाम रोखणं आणि किती फुटांना कुठली गल्ली रिकामी करायची हे आधीच ठरवणं मात्र तिच्याच हातात आहे. हे आकडे गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर रंगवा, फाइलीत नकोत. मुंबईत पावसाच्या आकड्याशेजारी भरतीची वेळ लिहिली नाही, तर तो आकडा अर्धाच; भरतीच्या वेळी पावसाचं पाणी समुद्रात उतरत नाही.

उन्हाचंही तेच. हवामान खातं उष्णतेच्या लाटेसाठी मैदानात किमान ४० अंश धरतं, किनाऱ्यावर ३७. नागपुरात मे महिन्यात कूलर जीव वाचवतो, मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर चिकचिक वाढवतो. पण कूलरला पाणी लागतं. म्हणून नागपूरच्या वस्तीत नळ किती वाजता येतो, हा उष्णतेच्या आराखड्यातला प्रश्न आहे. पत्र्याच्या घरांवर पांढरा रंग हेही तिथलं पहिलं काम, आणि स्वस्तातलं. अहमदाबादनं २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णता आराखडा केला. त्यांची पद्धत घ्या, आकडे आपले काढा.

लातूरसारख्या गावी नव्या योजनेआधी गळती मोजा. रात्री सगळे नळ बंद असताना टाकीची पातळी किती उतरते, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

शेवटी प्रत्येक कामापुढे खातं आणि अंदाजपत्रकातलं लेखाशीर्ष, म्हणजे तो खर्च ज्या शीर्षाखाली पडतो ते, लिहा. लेखाशीर्षाशिवाय पैसा सुटत नाही. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मांडतात, तेव्हा निवेदन दिवाळी झाली की लगेच द्या आणि पोच घ्या.