नऊ दिवसांत प्रेसिंग बसवायचं तर

प्रेसिंग म्हणजे चेंडू समोरच्या संघाकडे असताना पुढे जाऊन, सगळ्यांनी मिळून टाकलेला दबाव. राष्ट्रीय संघाला तो बसवायला वेळ थोडा: फिफाची नेहमीची आंतरराष्ट्रीय विंडो, म्हणजे क्लबांनी खेळाडू देशासाठी सोडायचा काळ, सोमवारी उघडते आणि पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी मिटते. त्यात दोन सामने. प्रवास आणि विश्रांती वजा केली की राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हाती सरावाची चार-पाच सत्रंच उरतात. 2022 साली जिथे महिला आशियाई करंडकाचे सामने झाले त्या पुण्याच्या बालेवाडीतच आपल्या संघाचं शिबिर भरतंय असं धरून, आधी काय काय ठरलेलं हवं ते लिहितो.

पहिलं काम, समोरचा संघ किती स्ट्रायकर खेळवतो ते पाहून ठेवणं. 2007 ते 2011 चिलीचे प्रशिक्षक असलेल्या मार्सेलो बिएल्सांचा हिशेब सरळ होता: समोरच्यांचे स्ट्रायकर जितके, त्याहून मागे आपला एक जास्त. दोन असतील तर तिघं मागे आणि रचना 3-3-1-3 (आकडे मागून पुढे मोजायचे). एकच असेल तर चौघांची फळी. आपल्याकडे शिवाजीनगरच्या मैदानापासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत सगळे आधी रचनेच्या आकड्यांवर भांडतात, समोर कोण आहे ते नंतर बघतात.

मग इशारे. दबाव कधी टाकायचा याचे दोन-तीनच इशारे ठेवा. क्लबात रोज एकत्र खेळणाऱ्यांना दहा चालतात, नऊ दिवसांसाठी जमलेल्यांना नाही. मी हे घेईन: मैदानाकडे पाठ असलेल्या फुलबॅकला (कडेच्या बचावपटूला) गेलेला पास, गोलकीपरला दिलेला बॅक पास, आणि सेंटर बॅकचा (मधल्या बचावपटूचा) चेंडू घेतानाचा लांब गेलेला पहिला टच.

गोल किकसाठी मात्र एक अख्खं सत्र राखून ठेवा. 2019 च्या नियमबदलापासून किक बसताच चेंडू खेळात येतो. त्यामुळे त्यांचे बचावपटू बॉक्समध्येच (गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्रातच) पास घेतात आणि किक बसेपर्यंत आपल्याला बॉक्सबाहेर थांबावं लागतं. चेंडू डाव्या सेंटर बॅककडे निघाला की आपल्या स्ट्रायकरने सरळ नाही, वळसा घेऊन धावायचं, म्हणजे दुसऱ्या सेंटर बॅककडे जाणारा पास त्याच्या अंगाआड झाकला जातो. उरते बाहेरची वाट. तिथे फुलबॅकवर आपला विंगर (कडेचा आक्रमक) झेपावलेला, मधल्या मिडफिल्डरला आपला दहा नंबर (स्ट्रायकरच्या मागे खेळणारा) चिकटलेला, आणि पलीकडचा विंगर टचलाइन सोडून आत सरकलेला. कबड्डीतल्या साखळीसारखंच आहे हे, एक हात सुटला की चढाई करणारा निसटलाच. एकटाच धावणारा स्ट्रायकर नुसता दमतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, ते वेगळं.

पुढचा आणि मागचा खेळाडू यांच्यात फार अंतर नको, म्हणजे बचावफळी मध्यरेषेजवळ यायलाच हवी. बचावपटूंना धीर होत नसेल तर 22 नोव्हेंबर 2022 चा सौदी अरेबिया-अर्जेंटिना सामन्याचा पूर्वार्ध सगळ्यांना एकत्र बसवून दाखवा. सौदीची बचावफळी अशीच पुढे होती, म्हणून अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइडमुळे रद्द झाले, आणि सामना सौदीने 2-1 असा जिंकला. पण पाठीमागच्या मोकळ्या जागेत पडणारे लांब पास बॉक्सबाहेर येऊन काढणारा गोलकीपर हाताशी नसेल, तर हा बेत सरळ रद्द करा.

सराव संध्याकाळी ठेवा. ऑक्टोबरच्या दुपारी पळवलंत तर सामन्यासाठी पाय उरणार नाहीत.

बदलीचे खेळाडूही आधीच नेमा. पाच बदल करता येतात, पण मध्यांतर सोडलं तर तीनदाच थांबून. पुढच्या तिघांपैकी दोघं साठाव्या मिनिटाच्या आसपास एकदमच बदलावे लागतात, तेव्हा बाकावरच्यांनाही इशारे तोंडपाठ हवेत.

राहिला माघारीचा अधिकार. दबाव टाकणारी आपली पहिली फळी त्यांनी ओलांडली की मागे फिरायची हाक कोणी द्यायची? कर्णधार स्ट्रायकर असेल तर त्याला पाठीमागचं काहीच दिसत नसतं. हे काम बचावात्मक मिडफिल्डरकडे द्या, त्याचं नाव पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगा, आणि तो बदली होऊन बाहेर गेला तर हाक कोणाची, तेही त्याच वेळी ठरवून टाका.